रिकाम्या जागा बरोबर, निबंध मात्र चुकलेला

(वाचकांचे प्रश्न : इंग्रजी व्याकरणाचा सराव, पाचवी ते आठवी)

या वेळी आलेल्या पत्रांत इंग्रजी व्याकरणाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. या वयाच्या मुलांना मी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे पत्रांतली मुलं मला ओळखीचीच वाटली. पत्रं मोठी होती, इथे मुद्द्यापुरती घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. वर्कबुकमध्ये त्याचं क्वचितच काही चुकतं. 'ही' नंतर रिकामी जागा आली की 'गोज', 'प्लेज' अगदी बरोबर भरतो. पण 'माझा मित्र' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या की 'ही प्ले फुटबॉल', 'ही लिव्ह नियर माय हाउस' असं सुरू होतं. नियम विचारला तर घडाघडा म्हणून दाखवतो. हा निष्काळजीपणा आहे का? आणखी एखादं वर्कबुक आणू का? – एक आई

उत्तर : निष्काळजीपणा नाही, आणि आणखी वर्कबुकही नको. रिकाम्या जागेत मुलाला एकच गोष्ट ठरवायची असते, आणि काय ठरवायचं हे पानाच्या डोक्यावर 'साधा वर्तमानकाळ' असं लिहून आधीच सांगितलेलं असतं. निबंध लिहिताना मित्राबद्दल काय सांगायचं, त्याला इंग्रजी शब्द कोणता, स्पेलिंग काय, हे सगळं त्याला एकाच वेळी बघावं लागतं. वर मराठीत शेवटी येणारं क्रियापद उचलून कर्त्याच्या शेजारी आणायचं. एवढं सांभाळताना शेवटचा 'एस' निसटतो. निसटतो याचं आणखी एक कारण आहे. 'ही' म्हटल्यावर एकाच मुलाबद्दल बोलणं चाललं आहे हे कळलेलंच असतं, 'एस'मुळे अर्थात काहीच भर पडत नाही. ज्याच्यावाचून अर्थ अडत नाही, ते मूल सर्वांत शेवटी आत्मसात करतं.

हे फक्त आपल्या मुलांचं होतं असंही नाही. रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवलं आणि १९७३मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. व्याकरणातल्या १४ बारीक गोष्टी मुलं कोणत्या क्रमाने शिकतात, हे त्याने पाहिलं. सर्वांत आधी 'आयएनजी' आलं. तृतीयपुरुषी एकवचनाचा हा 'एस' दहाव्या क्रमांकावर होता. घरात दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांची ही गत. आपण मात्र तो पहिल्याच काळाच्या पहिल्याच धड्यात शिकवतो आणि महिन्याभरात तो हातात बसावा अशी अपेक्षा धरतो.

म्हणून आता सराव त्याच्याच लिखाणावर घ्या. दहा ओळी त्याला न थांबवता लिहू द्या. मध्ये बोलू नका. तेच पान दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात द्या. त्याच दिवशी दिलं, तर काय लिहायचं होतं ते मनात ताजं असतं आणि डोळे कागदावर नसलेला 'एस'सुद्धा वाचून टाकतात. त्याला प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. मग प्रत्येक रेघेपासून त्या क्रियापदाच्या कर्त्यापर्यंत बाण काढायला सांगा. बाण 'ही', 'शी', 'इट' किंवा एकाच माणसाच्या नावापाशी पोचला की त्याने क्रियापदाचा शेवट तपासायचा. त्या फेरीत बाकीच्या चुकांना हात लावायचा नाही. स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी तुम्ही गप्प राहा. हे कठीण जातं, मला माहीत आहे, पण एका फेरीत एकच गोष्ट पाहिली तरच ती मुलाच्या नजरेत बसते.

दुसरा सराव मी वर्गात सर्वांत जास्त वापरला. मुलाने आधी स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायची : 'आय लिव्ह विथ माय ग्रँडमदर. आय हॅव टू कझिन्स. आय डोन्ट लाइक नॉइज. आय लव्ह ड्रम्स.' मग तोच मजकूर एका मैत्रिणीबद्दल आहे असं समजून पुन्हा लिहायचा : 'शी लिव्हज विथ हर ग्रँडमदर. शी हॅज टू कझिन्स. शी डझन्ट लाइक नॉइज. शी लव्हज ड्रम्स.' तिसऱ्यांदा दोन मित्रांबद्दल, 'दे' घेऊन. इथे पान त्याला कुठलाच इशारा देत नाही. कुठे काय बदलतं हे त्यालाच शोधावं लागतं, आणि 'माय'चं 'हर' होणं, 'हॅव'चं 'हॅज' होणं सोबत येतं. चौथं वाक्य झालं की एक प्रश्न जरूर विचारा : 'लव्ह'ला 'एस' लागला, मग 'लाइक'ला का नाही? त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

वेळेबद्दल : रविवारी सलग एक तास बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं घ्या. पाठ केलेलं किती वेगाने विसरतं हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून मोजलं आणि १८८५मध्ये प्रसिद्ध केलं. तेवढीच उजळणी दिवसांवर विभागली की जास्त टिकते, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

प्रश्न : मुलगी 'शी डझन्ट गोज' आणि 'आय डिडन्ट वेंट' असंच लिहिते. शंभर वेळा सांगून झालं. – एक बाबा

उत्तर : तुम्ही काय सांगत होतात ते पत्रात नाही, पण बहुधा 'डिड आलं की पहिलं रूप' असं सांगत असणार. नियम बरोबर आहे, कारण सांगितलेलं नाही. मुलगी मराठीतून विचार करते आणि मराठीत 'गेली नाही' असं म्हणते. भूतकाळ 'गेली'मध्ये तसाच राहतो, 'नाही' नुसतं मागे येऊन बसतं. तिने इंग्रजीत तेच केलं : 'गेली'साठी 'वेंट' ठेवलं आणि नकार जोडला. तिच्या डोक्यात तर्क आहे, तो फक्त दुसऱ्या भाषेचा आहे.

इंग्रजीत काळाची खूण एकदाच लागते आणि ती क्रियापदांच्या रांगेतल्या पहिल्या शब्दावर बसते. तिला असं दाखवा : 'वेंट' म्हणजे 'डिड' आणि 'गो' एकात मिसळलेले. 'गोज' म्हणजे 'डझ' आणि 'गो' एकात मिसळलेले. नकार द्यायचा किंवा प्रश्न विचारायचा, की मिसळलेलं सुटं होतं. 'डिड' बाहेर पडतं, भूतकाळ स्वतःबरोबर घेऊन जातं आणि मागे साधं 'गो' उरतं. 'डझ' बाहेर पडताना 'एस' सोबत नेतं, म्हणून वरच्या पत्रातल्या 'लाइक'ला तो उरला नाही. ही काही नुसती शिकवण्याची युक्ती नाही. ठासून सांगायचं असलं की इंग्रजीत 'शी डिड गो' असं खरोखरच म्हणतात.

सराव तोंडी घ्या, साखळीने. तुम्ही म्हणा 'वेंट', तिने म्हणायचं 'डिड गो, डिडन्ट गो, डिड शी गो?' मग 'सॉ', 'टूक', 'राइट्स', 'रन्स'. जिना चढताना, केस विंचरताना. लिहून घेण्याआधी ही साखळी जिभेवर बसली पाहिजे.

आणि तिला एक चांगली बातमी द्या. मराठीत 'तिने धडा वाचला, कविता वाचली, पुस्तक वाचलं' असं कर्मागणिक क्रियापद बदलतं. हे अवघड काम ती कधी न शिकवता बिनचूक करते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच 'रेड' चालतं. भूतकाळाच्या होकारार्थी वाक्यात इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. क्रियापदांच्या तीन रूपांचा मोठा तक्ता पाठ करायचा आहे. 'ए'पासून सुरू करते आणि 'डी'पर्यंत आले की 'ए'ची विसरते. सोपी पद्धत आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आहे. तक्ता अक्षरांच्या क्रमाने पाठ करू नकोस. अक्षरं जवळची असली तरी रूपं जवळची नसतात. आवाजाने गट पाड. 'सिंग, सँग, संग' म्हणालीस की 'रिंग', 'ड्रिंक', 'स्विम', 'बिगिन' त्याच चालीवर येतात. 'कीप, केप्ट'च्या मागे 'स्लीप', 'स्वीप', 'फील', 'मीन'. 'बाय, बॉट'च्या घरात 'ब्रिंग', 'थिंक', 'कॅच', 'टीच'. 'ब्लो, ब्लू, ब्लोन'च्या शेजारी 'ग्रो', 'नो', 'थ्रो'. 'सेंड, सेंट'बरोबर 'स्पेंड', 'लेंड', 'बिल्ड'. आणि 'पुट', 'कट', 'हिट', 'शट', 'हर्ट', 'कॉस्ट' हे तर कधी बदलतच नाहीत. असे गट केलेस की तक्त्यातली बरीचशी नावं आपोआप जागेवर बसतील. उरलेली थोडी सुटी पाठ करावी लागतील.

'गो'चं 'वेंट' कुठून आलं, याचं नवल वाटत असेल. ते मुळात 'वेंड' या जुन्या क्रियापदाचं रूप. म्हणजे तेही 'सेंड, सेंट'च्याच गटातलं, 'गो'कडे राहायला आलेलं.

वाकडी रूपं नेमकी रोजच्या क्रियापदांनाच का असतात? बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी, कम – सगळीच वाकडी. कारण जी रूपं रोज तोंडात असतात ती माणसं विसरत नाहीत, म्हणून ती शतकानुशतकं टिकतात. जी कमी वापरली जातात त्यांना हळूहळू 'ईडी' लागतं. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं, ते असंच सुटलं. यातच तुझ्या सरावाची किल्ली आहे : रूप वापरलं की राहतं. रोज रात्री त्या दिवशी घडलेल्या गोष्टींची पाच वाक्यं भूतकाळात लिही, आणि त्यातल्या दोन वाक्यांत तरी या आठवड्याच्या गटातलं क्रियापद आण. तिसरं रूप एकटं पाठ करू नकोस, त्याच्या आधी 'आय हॅव' लावून म्हण : 'आय हॅव संग', 'आय हॅव बॉट'. उजळणी करताना तक्ता नुसता वाचू नकोस. दोन रकाने झाक आणि आठव. आठवताना जो ताण पडतो, त्याच वेळी ते पक्कं होत असतं.

प्रश्न : 'आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स टू इयर्स' यात चूक काय? – आठवीतला विद्यार्थी

उत्तर : दोन चुका आहेत आणि दोन्ही 'मी दोन वर्षांपासून शिकतोय' या मराठी वाक्यातून आल्या आहेत. आपण अवधीलाही 'पासून' लावतो आणि सुरुवातीच्या क्षणालाही. इंग्रजीत अवधीला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' : 'फॉर टू इयर्स', पण 'सिन्स मंडे'. दुसरं, आपला 'शिकतोय' इथे वर्तमानकाळ आहे. इंग्रजीला मागून आजपर्यंत चालत आलेल्या कामासाठी 'हॅव बीन लर्निंग' लागतं. तुझ्याबद्दलची खरी सहा वाक्यं लिही, तीन 'फॉर'ची, तीन 'सिन्स'ची.

प्रश्न : 'अ' आणि 'ॲन' जमतात, पण 'द' कुठे घालायचा हे नातवाला समजावता येत नाही. – एक आजी

उत्तर : आजी, 'अ' आणि 'ॲन' जमतात म्हणता, तरी एकदा 'अवर' (तास) आणि 'युनिव्हर्सिटी' हे दोन शब्द देऊन पाहा. स्पेलिंगमध्ये 'अवर' व्यंजनाने सुरू होतो, पण तोंडातून स्वर निघतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'चं उलट. नातू डोळ्यांनी ठरवत असेल तर चुकेल, कानांनी ठरवत असेल तर नाही.

'द'साठी त्याला एकच प्रश्न विचारायची सवय लावा : कोणता, हे वाचणाऱ्याला कळलं आहे का? कळलं असेल तर 'द'. आपण गोष्ट सांगताना 'एक मुलगा होता' असं सुरू करतो, आणि पुढे 'मुलगा जंगलात गेला' म्हणतो. दुसऱ्यांदा 'एक' म्हणत नाही, कारण तो कोण हे आता ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ही जाण त्याला मराठीत आहेच. फरक इतकाच, की 'मुलगा'च्या आधी आपण जागा रिकामी सोडतो आणि इंग्रजी तिथे 'द' ठेवते.

सरावासाठी त्याच्या वाचलेल्या गोष्टीतला एक परिच्छेद उतरवून घ्या, पण 'अ', 'ॲन', 'द' सगळे गाळून, आणि रिकाम्या जागांच्या रेघा न मारता. दोन दिवसांनी त्याला द्या. कुठे काही गळलं आहे, हेही त्यानेच शोधायचं. मग मूळ परिच्छेदाशी ताडून प्रत्येक ठिकाणी 'इथे का' हे मराठीत सांगायचं. नेमकं कारण सांगता आलं नाही तरी चालेल, शोधताना त्याचं लक्ष तिथे जातं. 'द'च्या चुका आठवीनंतरही होत राहतील. त्यासाठी रागावू नका, ही वर्षानुवर्षांच्या वाचनाने सुधारणारी गोष्ट आहे.

प्रश्न : आमच्या वेळी 'आय'बरोबर 'शॅल' सक्तीचं होतं. नात सगळीकडे 'विल' लिहिते आणि तिच्या बाई ते चालवून घेतात. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, आपण शिकलात तो नियम जुना आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३मध्ये इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं, त्यात तो मांडलेला आहे. रोजच्या वापरात तो आता मागे पडला, 'आय विल' सर्वत्र शुद्ध मानतात. 'शॅल वी गो?' असं सुचवताना 'शॅल' अजून जिवंत आहे, ते तिला जरूर शिकवा. बाकी तिच्या बाईंचं बरोबर आहे.

प्रश्न : मोठा वर्ग आहे. वह्या लाल शाईने भरून परत देतो, मुलं पान उलटतात, पुढच्या निबंधात त्याच चुका. काय करावं? – एक शिक्षक

उत्तर : सर, लाल शाई कमी करा. चूक दुरुस्त करून दिली की मुलाला करायला काही उरत नाही. समासात फक्त एक खूण करा : काळाची चूक असेल तर 'का', कर्ता-क्रियापद जुळत नसेल तर 'क'. ओळीत चूक कुठे आहे ते मुलाने शोधायचं. आणि एका निबंधात एकाच प्रकारच्या चुका तपासा, तसं वर्गाला आधीच सांगून ठेवा. तुमचाही वेळ वाचेल. वही परत दिल्यावर दहा मिनिटं दुरुस्तीलाच द्या, तेव्हा दुसरं काहीही शिकवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे : वाक्यं जोडणं. फ्रँक ओ'हेअर या संशोधकाने सातवीच्या मुलांना छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याचा सराव दिला, व्याकरणाच्या व्याख्या न शिकवता. १९७३मध्ये त्याने निष्कर्ष मांडले, आणि त्या मुलांची वाक्यरचना वयाच्या मानाने खूपच पुढे गेलेली दिसली. पुढे २००७मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी लेखन शिकवण्याच्या पद्धतींवरचे अनेक प्रयोग एकत्र मांडले. मुलांच्या लेखनावर वाक्यजोडणीचा परिणाम त्यात ०.५० इतका चांगला निघाला, तर सुट्या व्याकरणाच्या धड्यांचा उणे ०.३२ (शून्य म्हणजे काहीच फरक नाही, उणे म्हणजे इतर मुलांपेक्षा मागे). ही मुलं प्रामुख्याने इंग्रजी भाषेत वाढलेली होती, हे मान्य. आपल्या मुलांना नियम सांगावेच लागतात. पण नियम सांगून झाल्यावर वेळ कशाला द्यायचा, हे यातून कळतं.

फळ्यावर तीन वाक्यं लिहा : 'द बॉय वॉज टायर्ड. ही हॅड वॉक्ड फार. ही सॅट अंडर अ ट्री.' त्यांचं एक वाक्य करायला सांगा. कोणी 'बिकॉज' घेईल, कोणी 'हू', कोणी 'सो', कोणी 'टायर्ड'ने वाक्य सुरू करेल. चार उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि कोणतं कानाला बरं वाटतं, का, यावर वर्गाला बोलू द्या. 'हू' म्हणजे संबंधी सर्वनाम, हे त्यानंतर सांगा. तोवर मुलांनी ते वापरलेलं असतं. वर्ग मोठा असला तर उलट बरं, उत्तरं जास्त मिळतात.

प्रश्न : माझं शिक्षण मराठीतून, तेही अर्धवट. इंग्रजी मला वाचता येत नाही. मुलीचा सराव मी कसा घेऊ? – एक आई

उत्तर : ताई, तुम्हाला घेता येईल, आणि काही गोष्टी तर इंग्रजी येणाऱ्या पालकांपेक्षा चांगल्या घेता येतील, कारण उत्तर सांगून टाकण्याचा मोह तुम्हाला होणार नाही. ती लिहील ते तिला मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक वाक्यानंतर मराठीत तीन प्रश्न विचारा : कोण? काय केलं? कधी? तिने मराठीत सांगायचं आणि त्या त्या शब्दावर बोट ठेवायचं. 'कधी'चं उत्तर 'काल' आलं, की विचारा, कालचं आहे हे क्रियापदात कुठे दिसतं? तिला दाखवता आलं नाही, तर तिथे काहीतरी चुकलं आहे हे तिचं तिलाच उमगेल. मोठ्याने वाचताना मुलं स्वतःच अडखळतात. अडखळली की 'पुन्हा वाच' एवढंच म्हणा.

तिच्या प्रत्येक पानावर तारीख घालायला लावा आणि पानं फाडू देऊ नका. महिन्याने त्यातलं सर्वांत जुनं पान काढून तिला तेच दुरुस्त करायला द्या. तिला किती चुका सापडल्या ते पानाच्या कोपऱ्यात तिच्याकडूनच लिहून घ्या.